ऊसतोड टोळीतल्या पोरांना 'पर्यावरण' शिकवायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं?

सीनाकाठ | सोमवार, १ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करतेय, दुसरं वर्ष. कॉलेजातले आम्ही काही जण शनिवार-रविवारी मोहोळ तालुक्यात एका ऊसतोड टोळीच्या तळावर मुलांना शिकवायला जातो. टोळी बीडकडची, आष्टी-पाटोद्याची. मुलं साधारण पाच ते बारा वयाची. म्हणजे शिकायला बसलेली तेवढी. पाच वर्षांच्या पोरीच्या कडेवर आणखी एक असतंच, ते आम्ही मोजत नाही.

माझ्या वाट्याला पर्यावरण आलं, कारण डिग्रीवर तसं लिहिलंय. ज्यांच्यामार्फत आम्ही जातो त्यांनी एक रंगीत पुस्तिका दिलीय. छपाई सुंदर. आत काय, तर दात घासताना नळ बंद ठेवा. खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करा. कापडी पिशवी वापरा. वाढदिवसाला एक झाड लावा. तळावर नळ नाही, शेतातल्या विहिरीवरून घागरी येतात. दिवा म्हणजे मोबाईलची बॅटरी. कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, ताणलाय तो कागद प्लॅस्टिकचाच, तो काढला तर दवात झोपावं लागेल. आणि झाड लावलं तरी कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ही सगळी मंडळी गावाकडे. पाणी कोण घालणार, टोळी आणणारा मुकादम?

म्हणून काल पुस्तिका पिशवीतच ठेवली. शेजारच्या रानात पाचट पेटवलं होतं (उसाचा वाळका पाला), धूर तळावर येत होता, तोच विषय घेतला. धूर छातीत जाऊन काय करतो, माती कशी भाजते वगैरे. तर चौथीतली एक मुलगी, तिला इथं चिमी म्हणू, मध्येच म्हणाली, "ताई, पर जळका ऊस तोडायला सोप्पा असतोय. हिरवा तोडला का मह्या मायचे हात चिरत्यात. मंग कोणतं चांगलं?"

पुढच्या रविवारी सांगते म्हणाले. तर सांगा, काय सांगू? आणि एकूणच, चार महिन्यांसाठी घर सोडून आलेल्या पोरांना या विषयातलं काय द्यावं?

---

कडकभाकरी | सोमवार, १ डिसेंबर, रात्री ११:०५

ताई, राग मानू नका. त्या पोरांना धड वाचायला येतंय का ते बघा आधी. बाराखडी नाही, पाढे नाहीत अन् तुम्ही पर्यावरण शिकवलालाव. पर्यावरण काय पळून जातंय व्हय? वाचायला आलं की पुढं स्वतःच वाचतील. बाकी रासेयोचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) १२० तास भरायचे असतील तर गोष्ट वेगळी, भरा.

---

सीनाकाठ | सोमवार, १ डिसेंबर, रात्री ११:२०

तास पदवीलाच भरून झाले. भाषा-गणित दुसरे दोघे घेतात, माझ्यापेक्षा चांगलं घेतात. मला जो एक तास मिळतो त्याचं विचारतेय.

---

खडूफळा | मंगळवार, २ डिसेंबर, सकाळी ६:५०

कडकभाकरी यांचा मुद्दा अर्धा बरोबर. मी जिल्हा परिषदेत मास्तर होतो, साखरशाळेच्या काळापासूनचा. थोडी मागची गोष्ट सांगतो, कारण नव्या मंडळींना ती ठाऊक नसते.

पूर्वी कारखान्याच्या आवारात किंवा तळावरच साखरशाळा भरायची. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या नियमित शाळेत घ्यायचं ठरलं. तत्त्व उत्तम. पण फडापासून, म्हणजे तोडीच्या रानापासून, शाळा लांब, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, आणि घरी धाकट्याला कोण सांभाळणार? साखरशाळा मागे पडल्या आणि पोरं कोपीतच राहिली. गावाकडे आजी-आजोबा असतील तर हंगामी वसतिगृहाची सोय आहे, आईबाप गेले तरी मूल मागे राहून शिकतं. तुमच्याकडची पोरं म्हणजे ज्यांचं मागे कुणी नाही, किंवा ज्यांची कामाला गरज आहे, अशीच असणार.

म्हणून पहिलं काम: गावाकडच्या शाळेनं 'शिक्षण हमी कार्ड' दिलंय का, विचारा. ते कार्ड दाखवलं की इथल्या शाळेला मूल बसवून घ्यावंच लागतं. नसेल तरी इथल्या मुख्याध्यापकांना भेटा.

आता विषयाचं. १९९१ मध्ये वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण प्राथमिकला आपल्याकडे 'परिसर अभ्यास' आहे आणि त्यातली एक गंमत तुमच्या पोरांच्या मुळावर येते. तिसरीचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं. आष्टीचं पोर जूनपासून बीड जिल्हा शिकतं, दिवाळीनंतर मोहोळला येतं, इथं वर्गात सोलापूर जिल्हा चालू. नकाशा वेगळा, नद्या वेगळ्या. मार्चमध्ये परत जावं तर तिकडं बीड संपलेला. त्याला ना हा जिल्हा नीट माहीत, ना तो.

पण सगळंच वेगळं नाही, इथंच तुम्हाला दार आहे. सीना. नगर भागात उगम पावते, आष्टीच्या कडेकडेनं खाली येते, करमाळा, परांडा, माढा करत मोहोळात शिरते. लांबोटीच्या पुलाखालून जाते ती हीच. पुढे कुडलला भीमेत मिळते. तुमची पोरं आणि त्यांची नदी एकाच रस्त्यानं आलीत म्हणा. तुमचं टोपणनावच सीनाकाठ आहे आणि हे मी सांगतोय!

---

फडमालक | मंगळवार, २ डिसेंबर, दुपारी १:१५

"शेजारच्या रानात पाचट पेटवलं" वाचलं आणि जेवता जेवता उत्तर लिहायला घेतलं. मी माढ्याकडचा. पेटवणारा मी नव्हे, पण पेटवणाऱ्याची बाजू कुणी तरी मांडायला पाहिजे.

पहिलं म्हणजे आगी दोन, त्यांची सरमिसळ करू नका. एक आग तोडीनंतरची. ऊस गेला, रानात पाचट राहिलं. ते तसंच ठेवलं तर खोडव्याला (बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला) सरीत पाणी पुढं सरकत नाही, उंदीर माजतात, बुडखे छाटायला माणूस मिळत नाही. काडी ओढली की एका संध्याकाळी रान मोकळं. चूकच आहे ते. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, म्हणजे तेवढं खत आपण धुरात घालवतो. सरीत दाबून वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू कल्चर टाकलं की पावसाळ्यापर्यंत भुगा होतो, पाण्याची एखाद-दुसरी पाळीही वाचते. मी तसंच करतो. पण कुट्टी मशीनचं भाडं आणि वेळेवर मिळण्याची बोंब, हे पुस्तिकेत लिहीत नाहीत.

दुसरी आग उभ्या उसाची. चिमी म्हणते ती ही. आणि ही टोळी नाही लावत, पुष्कळदा शेतकरीच लावतो. का? जळीत ऊस लवकर तोडावा लागतो, नाहीतर वजन घटतं, रस आंबतो. म्हणून जळिताला तोड लवकर मिळते. ज्याची तोड महिना-महिना लांबतेय, ज्याच्याकडे 'एन्ट्री' आणि खुशालीला, म्हणजे टोळीला अन् गाडीवाल्याला वरून द्यायला, पैसे नाहीत, तो काडी लावून मोकळा होतो. कारखाना जळिताचे पैसे कापतो ते कापतोच. कधी वायरीच्या ठिणगीनंही पेटतो, तो भाग वेगळा.

तेव्हा चिमीला सांगा, तुझं बरोबर आहे. जळक्याला पात नाही, कूस (टोचरी लव) नाही, कोयता सरळ चालतो. तोटा शेतकऱ्याचा आणि मातीचा. आणि दिवसभर काजळी नाकातोंडात जाते ती तुझ्या आईच्या. पण हात मात्र वाचतात हे खरं. चौथीतल्या पोरीला सगळं गोड करून सांगू नये.

---

सीनाकाठ | मंगळवार, २ डिसेंबर, रात्री ९:३०

फडमालक, हे पाठ्यपुस्तकात असायला हवं. आम्हाला 'बायोमास बर्निंग' म्हणून एक आख्खा टॉपिक होता. त्यात एन्ट्री आणि खुशाली कुठेच नव्हती.

खडूफळा सर, तिसरीच्या पुस्तकाचं डोक्यातच आलं नव्हतं. हमी कार्डाचं विचारते.

---

विठ्ठलभक्त७ | मंगळवार, २ डिसेंबर, रात्री १०:१०

हे सगळं साखरसम्राटांचं पाप आहे. सगळ्या पक्षांचे कारखानदार एकाच माळेचे

*(पुढचा मजकूर काढला आहे. धागा मुलांच्या शिकवण्याबद्दल आहे. कारखानदारीवर वेगळा धागा चालू आहे, तिथे मनसोक्त लिहा. – संपादक मंडळ)*

---

बालाघाटी | बुधवार, ३ डिसेंबर, रात्री ११:५५

ड्यूटी संपवून आत्ता वाचलं. मी आष्टी तालुक्यातली. आईवडील कोयत्यावर होते, टायर गाडीवर (टायरच्या चाकांची बैलगाडी). लहानपणी दर दिवाळीनंतर आमचं बिऱ्हाड निघायचं, कधी माळशिरस, कधी पंढरपूर, एकदा थेट कर्नाटकात. आता सोलापुरातच नर्स आहे. तुमच्यासारखे दादा-ताई आमच्याही तळावर यायचे. काय कामाचं होतं आणि काय नव्हतं ते सांगते.

कामाचं नव्हतं ते स्वच्छतेचं भाषण. साबणानं हात धुवा, उघड्यावर बसू नका. आईला अंधार असताना उठून उसात जावं लागतं, कारण उजेड झाला की जागा नाही, हे तिथल्या पोरीला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. ते तिच्याच तोंडावर बोललं की ती पुढच्या रविवारी येत नाही. येत नाही म्हणजे भांडी घासायची आहेत असं सांगते.

आणि फोटो. वह्या वाटताना फोटो काढतात ना, ते नका करू. एवढी एकच विनंती.

आता पोरांना काय येतं ते बघा. मी सात-आठ वर्षांची असताना उसाची जात २६५ की ८६०३२ हे पात्यावरून सांगायची. वाढ्याची (उसाच्या हिरव्या शेंड्यांची) पेंढी किती मोठी बांधली की गवळी पैसे पाडून मागत नाही, ते ठाऊक होतं. कुठल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, वारा फिरला की कोपीचं तोंड कुठं करायचं, ओल्या उसात बैल कुठं घसरतो. हे सगळं परिसर अभ्यासच की. फक्त त्याला कुणी मार्क दिले नाहीत, म्हणून आम्हाला वाटायचं की आपल्याला काही येत नाही. तुम्ही तिथं जाऊन आधी विचारा, मग सांगा.

जे खरंच उपयोगी पडलं असतं ते साप. उसात उंदीर, उंदरामागं घोणस. आमच्या तळावर एकाला चावला तर दोरीनं करकचून बांधलं, ब्लेड मारलं, मग देवऋषी. मी नर्स झाल्यावर कळलं की यातलं काहीही करायचं नव्हतं. एक तास फक्त सापांवर घ्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार ओळखायला शिकवा. धामण ओळखायला शिकवा, ती बिचारी उंदीर खाते आणि फुकट मार खाते. चावलं तर हातपाय हलवू न देता सरकारी दवाखान्यात, १०८ ला फोन. सगळ्या पोरांकडून नंबर पाठ करून घ्या.

दुसरं पाणी. आशाताईकडे क्लोरीनच्या बाटल्या मिळतात, कुठल्या घागरीला किती थेंब ते पोरंच करू शकतात. पोरी पाणी आणतात, त्यांच्याच हातात द्या.

तिसरं, पहाटे. टोळी तीन-चारला फडात जाते, बारकी पोरं कोपीत एकटी. २०२० च्या डिसेंबरात करमाळ्यात बिबट्यानं माणसं मारली, शेवटी त्याला गोळी घालावी लागली, ते इथल्या सगळ्यांना आठवत असेल. तेव्हा सगळी टीव्हीवाली मंडळी बिबट्या दाखवत होती. कोपीला दार नसतं हे कुणी दाखवलं नाही. अंधारात एकट्यानं बाहेर वाकून बसायचं नाही, दोघं-तिघं मिळून, बॅटरी घेऊन, मोठ्यानं बोलत जायचं, एवढं तरी शिकवा.

चिमीच्या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. तिच्या आईचे हात हाही पर्यावरणाचाच विषय आहे, एवढं तुम्ही मानलं तरी पुरे.

---

गणेश_पंढरपूर | गुरुवार, ४ डिसेंबर, सकाळी ८:२०

छान लिहिलंय. पण सापाला आवळून बांधायचं नाही हे कसं? विष चढू नये म्हणून बांधतातच. आमच्याकडे वर्षानुवर्षं तसंच करतात, वाचलीत माणसं.

---

बालाघाटी | गुरुवार, ४ डिसेंबर, सकाळी ८:४५

वाचली कारण चावलेला साप बिनविषारी होता, किंवा विष टोचलं गेलंच नव्हतं. घोणशीच्या विषानं तिथलं मांस सडतं. आवळून बांधलं की तेच विष एका जागी कोंडतं, पाय काढायची वेळ येते. फळी किंवा काठी लावून पाय स्थिर ठेवा, घट्ट गाठ नको. या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट आहे. वेळ फक्त तिथं पोचण्यात जाते.

---

टिटवी | गुरुवार, ४ डिसेंबर, रात्री ८:००

मी हौशी पक्षीनिरीक्षक. धागा वाचून हात शिवशिवायला लागले. त्या पोरांना नान्नजला घेऊन चला! १९७९ चं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आपलं, मोहोळपासून किती लांब आहे? माळढोक आता दिसला तर बातमी होते, ती आशा ठेवू नका. पण काळविटांचे कळप आहेत, लांडगा आहे. नाहीतर उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) बघायला. गाडीचा खर्च आमचा ग्रुप करेल.

---

बालाघाटी | गुरुवार, ४ डिसेंबर, रात्री ११:३०

टिटवी, मनापासून धन्यवाद. पण मोठी पोरं दिवसभर नेलीत तर बारक्यांना कोण बघणार? आणि वाढे कोण बांधणार? तुम्हीच तळावर या. तोड चालू असताना फडाच्या कडेला उभे राहा, कोयत्यामागं किती बगळे आणि कोतवाल असतात ते बघा. शिवाय पाटोद्याच्या पोराला काळवीट काय दाखवता? त्यांच्या तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्य आहे. त्यांनाच मोर ओरडून दाखवायला सांगा.

---

टिटवी | शुक्रवार, ५ डिसेंबर, सकाळी ७:१०

मान्य. येत्या रविवारी दुर्बीण घेऊन येतो. सीनाकाठ, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

---

तळेहिप्परगा | शनिवार, ६ डिसेंबर, दुपारी ४:३०

मी मूळची सोलापूरची, मदतकार्याच्या नोकरीत काही काळ बांगलादेशात कॉक्स बाजारला होते. तिथलं थोडं सांगावंसं वाटतंय. ती निर्वासितांची छावणी आणि हा ऊसतोडीचा तळ, दोन्ही एक नाहीत हे मला कळतं. रोहिंग्यांना परत जायला गाव उरलेलं नाही, तुमच्या पोरांना मार्चमध्ये जायचंय. पण शिकवणाऱ्यापुढचा पेच ओळखीचा वाटला.

ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या माणसं तिथं आली. कुटुपालाँगच्या डोंगरावर जंगल होतं. आधी झोपड्यांना बांबू, मग चुलीला लाकूड, असं करत डोंगर बोडके झाले. तो हत्तींचा रस्ता होता. हत्ती नेहमीच्या वाटेनं आले तर वाटेत वस्ती. माणसं मेली. अशा ठिकाणी तुम्ही मुलांना 'झाडे तोडू नका' म्हणून शिकवणार? तीच मुलं सरपण आणायला जायची.

बदल दोन गोष्टींनी झाला. २०१८ पासून घरोघर गॅस सिलिंडर द्यायला सुरुवात झाली, लाकडाची गरजच घटली. शिकवून नव्हे, सिलिंडरनं. आणि हत्तींसाठी मचाणं बांधली, छावणीतल्याच लोकांची पथकं केली. हत्ती दिसला की वस्तीला सावध करायचं आणि त्याला जंगलाकडे वळवायचं. मुलांना हत्ती शिकवला तो 'आपला मित्र हत्ती' असा नाही. तो कुठून येतो, का येतो, आला तर गर्दी करू नका, दगड मारू नका, कुणाला हाक मारा, असा शिकवला. पावसाळ्यात दरड कोसळायची भीती, म्हणून उतारावर गवत आणि रोपं लावली. तिथं झाड लावणं मुलांना पटलं, कारण ते झाड त्यांच्याच झोपडीमागची माती धरून ठेवणार होतं.

आणखी एक. मी शिकवलेलं मुलं विसरायची. छावणीतल्या मोठ्या मुलामुलींनी धाकट्यांना त्यांच्या बोलीत सांगितलेलं राहायचं. तुमच्या तळावर बारा-तेरा वर्षांची एखादी तरतरीत पोरगी असेलच. तिला तयार करा. तुम्ही शनिवार-रविवारी, ती रोज. पट्टा पडल्यावरही ती त्यांच्याबरोबरच जाणार.

---

कडकभाकरी | शनिवार, ६ डिसेंबर, संध्या. ६:००

सिलिंडरचं पटलं. भाषणापेक्षा सिलिंडर बरा.

---

फडमालक | शनिवार, ६ डिसेंबर, रात्री ९:१५

तळावर सिलिंडर मिळायचा तेव्हा मिळो. सध्या चुलीत पाचट आणि चिपाडंच. पण चूल कोपीच्या आत पेटवायची की तोंडाशी, हे तरी ठरवता येईल. पोरं आईला ऐकवतील.

सीनाकाठ, मोहोळात ओळखीच्या एकाचं रान आहे, त्यानं पाचट ठेवलंय. शेजारच्यानं पेटवलंय. मधे फक्त बांध. पोरांना घेऊन जा आणि दोन्हीकडे हात घालून बघायला सांगा.

---

सीनाकाठ | सोमवार, २२ डिसेंबर, रात्री १०:००

बरेच दिवस लिहिलं नाही, परीक्षा होती. तळावर जाणं मात्र चालू होतं. सगळं लिहीत बसत नाही.

सीनेचा नकाशा काढला. जमिनीवर, राखेनं. वरच्या टोकाला आष्टीची पोरं, खालच्या टोकाला आमचा तळ. मधली गावं मोठ्या पोरांनी भरली, कारण ट्रॅक्टरनं येताना बघितलेली होती. करमाळ्यात चहाला थांबलो, माढ्याजवळ टायर फुटला, असं. सप्टेंबरातल्या पुराचं मी विचारायच्या आधीच निघालं. एकाच्या चुलत्याची म्हैस वाहून गेली होती. इथल्या शेतकऱ्याचा ऊस त्याच पाण्यात आडवा झाला. आडवा ऊस तोडायला दुप्पट वेळ लागतो, हे त्यांनी मला सांगितलं. वरचा पाऊस, खालचा पूर आणि आईची मजुरी इतक्या सरळ जोडलेली मी तरी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. खडूफळा सर, कुडलला हजार वर्षांपूर्वीचा मराठी शिलालेख आहे म्हटल्यावर एकानं विचारलं, "तव्हा ऊस व्हता का?" याचं उत्तर तुम्ही द्या.

सापांच्या तासाला आयाही येऊन बसल्या. १०८ सगळ्यांना पाठ झालाय, बारकी पोरं तर उठताबसता म्हणतात.

टिटवीदादांची दुर्बीण हिट. पक्ष्यांची यादी पोरांनीच केली, त्यांच्या नावांनी. बंजारा मुलांनी त्यांच्या बोलीतली नावं वेगळी लिहून घ्यायला लावली. कडकभाकरी, वाचून घ्या: दोघा-तिघांनी पहिल्यांदा स्वतःहून पाटीवर काही लिहिलं ते 'टिटवी' आणि 'कोतवाल'.

फडमालकांनी सांगितलेल्या रानात गेलो. दुपारी एकच्या उन्हात जळक्या रानातली माती हाताला चटका देत होती, बांधापलीकडे पाचटाखालची थंड आणि ओलसर. गांडूळ निघालं. कोळी निघाले, एक विंचूही निघाला आणि वर्गाची पांगापांग झाली. चिमीनं दोन्हीकडे हात घालून बघितले आणि म्हणाली, "म्हंजी पाचट शेतकऱ्याच्या कामाचं. मह्या मायला काय?" हो म्हणाले. जळका ऊस तोडायला सोपा हेही खरंय म्हणाले, आणि काजळीचंही सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. माझंही नाही.

आता मदत हवीय ती या 'काय'वर. टोळीतल्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, पातीनं हात चिरू नयेत म्हणून. ते शर्ट आता इतके विरलेत की बाह्या कोपराच्या वर गेल्यात. पूर्ण बाह्यांचे, जाड सुती शर्ट कुणाकडे असतील तर सांगा. आणि चौदा वर्षांची एक पोरगी शिकवायला तयार झालीय, पण तिला रोज संध्याकाळी तास-दीड तास आई मोकळं सोडेल का, हा प्रश्न आहे. बालाघाटी ताई, तुम्ही एकदा तिच्या आईशी बोलाल का? तुमचं ऐकतील.

---

बालाघाटी | मंगळवार, २३ डिसेंबर, पहाटे ५:४०

रविवारी सुट्टी आहे, येते. पण संध्याकाळी नको, दमून आलेल्या बाईशी काय बोलणार. दुपारी जेवणाला फडावर बसतात तेव्हा जाऊ. आणि त्या पोरीला फुकट राबवू नका. आईला पहिला प्रश्न तोच पडेल, वाढे बांधून ती रोजचे चार पैसे आणते ते कुठून येणार? याचं काहीतरी ठरवूनच चला.

---

तळेहिप्परगा | मंगळवार, २३ डिसेंबर, सकाळी ९:३०

तिच्या मानधनाचे पट्टा पडेपर्यंतचे पैसे मी देते. व्यनि करा. इथे जाहीर आभार वगैरे नकोत.

---

कडकभाकरी | मंगळवार, २३ डिसेंबर, सकाळी ११:१०

आमच्याकडं युनिफॉर्म शिवतात. सोलापुरात निम्म्या गल्ल्यांत तेच चाललंय म्हणा. सेकंड मालाचे फुल बाह्यांचे शर्ट पडून असतात, कॉलर वाकडी नाहीतर खिसा तिरका. बहुतेक पॉलिस्टर आहे, उन्हात घामानं जीव जाईल, ते देत नाही. सिक्युरिटी गार्डचे खाकी कॉटनचे एक गठ्ठा आहेत, ते चालतील का? साईज ३८-४० जास्त, ३६ कमी. बायकांना मोठेच होतील. बाह्यांना आत इलास्टिक मारून देतो म्हणजे पात शिरायची नाही.

वाचन-बिचन सोडू नका पण.

---

सीनाकाठ | मंगळवार, २३ डिसेंबर, दुपारी १२:०५

खाकी चालेल, उलट मळ दिसणार नाही. मोठेच द्या, साडीवरून घालायचेत. शनिवारी गाडीवर येऊन घेऊन जाते, दुकान किती वाजता उघडता?

---

कडकभाकरी | मंगळवार, २३ डिसेंबर, दुपारी १२:२०

दहाला. चाटी गल्लीत येऊन फोन करा, आतल्या बोळात आहे, सापडणार नाही. दोघं या, गठ्ठा जड आहे.